ऑपरेशनची तारीख येईपर्यंत: तोंडाच्या कॅन्सरमध्ये कमी मात्रेच्या केमोच्या गोळ्या

तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट आला, तोंडाचा कॅन्सर नक्की झाला, सर्जननं ऑपरेशन सांगितलं आणि तारीख मिळाली पाच-सहा आठवड्यांनंतरची. मधल्या काळासाठी कागदावर दोन औषधं लिहून आली. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, दुसरी रोज दोनदा. सलाईन नाही, दवाखान्यात भरती नाही, केस जाण्याची फारशी भीती नाही. घरच्यांना प्रश्न पडतो की ही खरंच केमो आहे का, आणि असेल तर एवढ्यावर भागेल का.

ही केमोच आहे. पण एवढ्यावर भागत नाही. तोंडाच्या कॅन्सरवरचा मुख्य इलाज ऑपरेशन हाच आहे, आणि या गोळ्यांचं काम तिथपर्यंत रोगाला रोखून धरण्याचं आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्याशी जोडलेली आहे.

गोळ्या कोणत्या, किती

सर्वांत जास्त वापरली जाणारी जोडी म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. मेथोट्रेक्सेट हे जुनं केमोचं औषध आहे. पेशीला नवा डीएनए बनवण्यासाठी लागणारं फोलेटचं, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाचं, चक्र ते अडवतं. सेलेकॉक्सिब मुळात सांधेदुखीवरचं, सूज आणि वेदना कमी करणारं औषध आहे.

मेथोट्रेक्सेटची नेहमीची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे 15 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सेलेकॉक्सिब 200 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मेथोट्रेक्सेट शिरेतून देतात तेव्हा मात्रा दर चौरस मीटरला 40 मिलिग्रॅमपासून सुरू होते. त्यावरून ही मात्रा किती कमी आहे याचा अंदाज यावा.

शरीराचा पृष्ठभाग काढण्याचं गणित साधं आहे. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, त्याला 3600 नं भागायचं आणि येईल त्याचं वर्गमूळ घ्यायचं. उंची 160 आणि वजन 50 असेल तर उत्तर साधारण 1.49 येतं. त्याला 15 नं गुणलं की 22.4, म्हणजे व्यवहारात 22.5 मिलिग्रॅम. अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर एका वेळी नऊ गोळ्या झाल्या. एकदम नऊ गोळ्या पाहून घरचे दचकतात आणि 'रोज एक असणार' असा परस्पर अर्थ लावतात. इथूनच या उपचारातली सर्वांत मोठी चूक सुरू होते. ती पुढे सविस्तर येते.

काही रुग्णांना तिसरं औषध जोडतात, एरलोटिनिब. तेव्हा मेथोट्रेक्सेटची मात्रा दर चौरस मीटरला 9 मिलिग्रॅमपर्यंत खाली येते आणि एरलोटिनिब रोज 150 मिलिग्रॅम असतं. ही तिहेरी जोडणी मुख्यतः परत आलेल्या किंवा ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या रोगात वापरली गेली आहे.

कमी मात्रेनं काय साधतं

नेहमीच्या केमोचा हिशेब सरळ असतो. शरीराला झेपेल तेवढा मोठा डोस द्यायचा, पेशी मारायच्या आणि मग तीन आठवडे थांबून रक्तपेशी भरून येऊ द्यायच्या. अडचण अशी की त्या तीन आठवड्यांत गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्याही भरून येतात. 2000 साली जुडा फोकमन आणि रॉबर्ट कर्बेल या संशोधकांच्या गटांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की तेच औषध थोडं-थोडं, मोठी विश्रांती न देता दिलं तर ते या वाहिन्यांच्या पेशींना भरून यायला वेळच देत नाही. त्याच वर्षी डग्लस हॅनाहन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला 'मेट्रोनोमिक' म्हटलं. मेट्रोनोम म्हणजे गायन-वादनाच्या रियाजात ठेका धरून देणारं यंत्र. इथेही मोठ्या घावापेक्षा न चुकणाऱ्या ठेक्यावर भर आहे.

सेलेकॉक्सिबचा वाटा वेगळा. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत कॉक्स-2 हे विकर (एन्झाइम) बऱ्याचदा वाढलेलं असतं. त्यातून सूज वाढवणारं आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारं रसायन तयार होतं. सेलेकॉक्सिब ते विकर अडवतं.

याच गुणात एक चकवा दडलेला आहे. सेलेकॉक्सिब वेदनाशामक आहे, सूज उतरवणारं आहे. पहिल्या आठवड्यात गालाचं ठणकणं थांबतं, कानापर्यंत जाणारी कळ जाते, तोंड थोडं जास्त उघडतं. रुग्णाला वाटतं कॅन्सर हटतोय. यातला काही भाग खरोखर गाठीवरच्या परिणामाचा असू शकतो, पण बराचसा निव्वळ सूज उतरल्याचा असतो. म्हणून दुखणं कमी झालं हे गाठ कमी झाल्याचं मोजमाप धरू नये. मोजमाप डोळ्यांनी, पट्टीनं आणि स्कॅननं करायचं असतं.

पुरावा कुठवर आहे

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासली ती मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं. 2020 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या चाचणीचे निकाल आले. 422 रुग्णांपैकी निम्म्यांना मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबच्या गोळ्या आणि निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं. गोळ्यांच्या गटात मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 7.5 महिने, सिस्प्लॅटिनच्या गटात 6.1 महिने. गंभीर दुष्परिणाम गोळ्यांत 19 टक्के, सिस्प्लॅटिनमध्ये 30 टक्के.

हे आकडे फिरत-फिरत लोकांपर्यंत पोचतात तेव्हा 'गोळ्या सलाईनपेक्षा चांगल्या' एवढंच उरतं. आकड्यांकडे पुन्हा बघा: साडेसात महिने. त्या चाचणीतले रुग्ण पूर्ण बरे होण्याच्या टप्प्यापलीकडचे होते. ज्याचं ऑपरेशन होऊ शकतं त्याच्यासाठी ही तुलनाच लागू नाही. त्याच्यासमोर सिस्प्लॅटिन की गोळ्या असा प्रश्न नसतो. वेळेत ऑपरेशन की उशिरा, हा प्रश्न असतो.

ऑपरेशन लगेच होऊ शकत असताना आधी गोळ्या घेतल्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. गोळ्याच कशाला, सरळ काढता येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी तीन औषधांची जोरदार केमो देऊनही एकूण आयुष्यात फरक पडला नाही, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 256 रुग्णांच्या चिनी चाचणीनं दाखवलं. उलट उशिराची किंमत मात्र ठाऊक आहे. 2020 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार कॅन्सरच्या ऑपरेशनला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका साधारण 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो.

मग गोळ्यांना जागा कुठे? जिथे उशीर टळतच नाही तिथे. ऑपरेशनच्या यादीत नंबर लांब आहे. हृदयाचा किंवा साखरेचा त्रास आटोक्यात आणायला काही आठवडे लागणार आहेत. अन्न न गेल्यानं रुग्ण इतका खंगलाय की आधी नळीनं पोषण द्यायला हवं. अशा वेळी हात बांधून बसण्यापेक्षा या गोळ्या देणं रास्त आहे, असं आमचं मत आहे. लहान गाठ असेल आणि तारीख दहा-पंधरा दिवसांवर असेल तर गोळ्यांची गरज नाही. सरळ ऑपरेशनला जावं.

गाठ जबड्यामागच्या चावण्याच्या स्नायूंत वर चढलेली आहे, सर्जन 'आत्ता काढता येणार नाही' म्हणतात, अशी गोष्ट निराळी. तिथे गाठ आकसवणं हाच हेतू असतो आणि त्यासाठी शिरेतून दोन-तीन औषधांची पूर्ण मात्रेची केमो हा पहिला विचार असतो. टाटा मेमोरियलच्या अशा 721 रुग्णांच्या नोंदींत सुमारे 43 टक्के लोकांचं पुढे ऑपरेशन होऊ शकलं. तब्येत ती केमो सोसणार नसेल तरच गोळ्यांकडे वळतात. आपल्याला गोळ्या नेमक्या कशासाठी दिल्या आहेत, थांबण्याच्या काळात आधार म्हणून की गाठ आकसवायला, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावं. किती आठवड्यांनी तपासायचं आणि फरक नसेल तर पुढे काय, हे त्या उत्तरावर ठरतं.

पहिल्या गोळीआधी

बायोप्सी झालेली असावी आणि स्कॅनही झालेला असावा. आधी गोळ्या आणि मग स्कॅन असं केलं की गाठ मुळात कुठवर होती हे कायमचं निसटतं. चांगली टीम याच वेळी तोंडातल्या जखमेचा पट्टी धरून फोटो काढते, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवते, आणि गरज वाटली तर गाठीच्या कडेला शाईचे टिपके टोचून खूण करते.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), लिव्हरच्या चाचण्या आणि हिपॅटायटिस बी व सी बघतात. मूत्रपिंडाची तपासणी इथे सर्वांत महत्त्वाची, कारण मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंड मंद असेल तर 'कमी' मात्राही रक्तात साचून मोठ्या मात्रेसारखी वागते. पोटात किंवा छातीत पाणी झालेलं असेल तरी तेच होतं: औषध त्या पाण्यात मुरतं आणि हळूहळू परत रक्तात उतरत राहतं. दोन्ही गोष्टी आधी सांगाव्यात.

सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेला असणं, पोटातला अल्सर: यातलं काही असेल तर सेलेकॉक्सिबचा पुन्हा विचार करावा लागतो. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळायची, आणि शेवटच्या गोळीनंतरही स्त्रियांनी सहा महिने व पुरुषांनी तीन महिने ती काळजी घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध देत नाहीत.

तोंड उघडत नसलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. सुपारी-तंबाखूनं जबडा आखडलेल्या माणसाला नऊ गोळ्या गिळणं म्हणजे परीक्षाच. म्हणून घरचे गोळ्या कुटून पाण्यात कालवतात. मेथोट्रेक्सेटबाबत हे करू नये. पूड हवेत उडते, कुटणाऱ्याच्या श्वासात आणि कातडीवर जाते. शिवाय अर्धी पूड वाटीलाच चिकटून राहिली तर डोस किती गेला ते कळत नाही. नाकातून नळी असेल किंवा गिळता येत नसेल तर पातळ औषध किंवा इंजेक्शन मिळतं का ते रुग्णालयाला विचारावं.

वार ठरवा

या उपचारात जिवावर बेतणारी चूक एकच आहे: आठवड्याची गोळी रोज घेणं. मेथोट्रेक्सेट सलग पाच-सात दिवस घेतलं की तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं, मग पांढऱ्या पेशी कोसळतात आणि साध्या जंतुसंसर्गानं माणूस दगावू शकतो. जगभर अशी मरणं झाली आहेत आणि प्रत्येक वेळी कारण जवळपास हेच होतं: चिठ्ठी नीट वाचली गेली नाही, किंवा दोन औषधांची अदलाबदल झाली.

म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या. 'आठवड्यातून एकदा' एवढं पुरेसं नाही. 'दर बुधवारी, रात्री जेवणानंतर, 22.5 मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या नऊ गोळ्या' असं लिहिलेलं असावं. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब एकाच डब्यात ठेवू नका. रोजच्या गोळ्यांच्या खणांच्या डबीत मेथोट्रेक्सेट भरू नका. दुकानातून घेताना सगळ्या गोळ्या एकाच ताकदीच्या घ्या, कारण अडीच आणि दहाच्या गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात आणि नऊ वेळा दहा म्हणजे चौपट डोस. घरातल्या एकाच माणसानं ही जबाबदारी घ्यावी आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. चुकून जास्त गोळ्या गेल्या तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. त्यावर ल्युकोव्होरिन नावाचा उतारा आहे, पण तो जितका लवकर तितका उपयोगी.

वार चुकला तर दवाखान्यात फोन करून विचारा. पुढच्या आठवड्यात दुप्पट घेऊन भरपाई करायची नाही. गोळ्या उलटून पडल्या तरी आपल्या मनानं परत घेऊ नका, कारण किती आत गेलं ते कळायला मार्ग नसतो.

सोबतची औषधं

तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण बहुतेक वेळा आधीच दातदुखीच्या गोळ्या खात असतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक ही सेलेकॉक्सिबचीच भावंडं आहेत. एकत्र घेतली तर पोटाला आणि मूत्रपिंडाला दुहेरी मार बसतो, आणि मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेट साचतं. खरं तर सेलेकॉक्सिबसोबतही हा धोका थोडा असतोच. म्हणून तर क्रिएटिनिन वारंवार बघायचं. जास्त दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिनच्या जातीचं औषध चालतं.

कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटसोबत कधीच नको. दोन्ही फोलेटचं चक्रच अडवतात आणि रक्तपेशी झपाट्यानं खाली येतात. ताप, जुलाब, लघवीची जळजळ यासाठी बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तर 'मी मेथोट्रेक्सेट घेतोय' हे पहिलं वाक्य असावं. ॲसिडिटीच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात. फॉलिक ॲसिडबद्दल गोंधळ असतो. संधिवातात मेथोट्रेक्सेटसोबत ते नेमानं देतात, ते पाहून कॅन्सरचे रुग्णही दुकानातून आणतात. इथे ते द्यायचं की नाही हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दारू पूर्ण बंद, कारण लिव्हरवर आधीच भार आहे. तंबाखूही आजच बंद. जखम भरणं, भुलीतून सावरणं आणि नंतरचा शेक (रेडिएशन) सोसणं, तिन्ही त्यावर अवलंबून आहे.

काय बिघडतं

बहुतेकांना थोडा थकवा, किंचित मळमळ, तोंड येणं एवढंच होतं. तोंड येण्याबाबत एक अडचण आहे. तोंडात आधीच कॅन्सरची जखम असते, त्यामुळे औषधानं आलेले फोड चटकन ओळखू येत नाहीत. ओळख अशी: औषधाचे फोड पसरट, अनेक ठिकाणी, ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला, गाठीपासून दूरही दिसतात. असे फोड दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी रक्त तपासावं.

ताप 38 अंश सेल्सिअस किंवा 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, काळी शौच झाली, लघवी कमी झाली, कोरडा खोकला येऊन धाप लागली, जखमेतून रक्त थांबेना किंवा श्वास घेताना घशात आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचं. जुलाब-उलट्यांचं वेगळं सांगायला हवं. शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंड मंदावतं आणि मेथोट्रेक्सेट साचतं. त्यामुळे अशा वेळी त्या आठवड्याचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी दर आठवड्या-पंधरवड्याला होते. तपासणी डोसच्या आदल्या दिवशी केली तर रिपोर्ट बघूनच डोस घेता येतो. डोस घेऊन मग रक्त देणाऱ्यांना त्या रिपोर्टचा निम्माच फायदा मिळतो.

गाठ आकसली तर, आणि नाही आकसली तर

दर दोन-तीन आठवड्यांनी सर्जननं तोंड तपासायला हवं. गाठ वाढत असेल तर गोळ्या लांबवत बसण्यात अर्थ नाही. तारीख अलीकडे ओढावी किंवा दुसरा उपचार ठरवावा. रुग्णानं आणि घरच्यांनी याबाबत जरूर आग्रह धरावा. 'औषध चालू आहे ना' या समाधानात आठवडे जातात आणि काढता येणारी गाठ न काढता येणारी होते.

गाठ आकसली तर दोन गैरसमज होतात. पहिला असा की आता कमी कापावं लागेल. गाठ आकसते ती सगळीकडून सारखी नाही. मधून मोठा भाग मेला तरी कडेला पेशींची बेटं उरतात. म्हणून बहुतेक सर्जन मूळ हद्दीचाच हिशेब धरून काढतात, कडेच्या निरोगी भागाची पट्टीही सोबत घेऊन. सुरुवातीचे फोटो आणि खुणा लागतात त्या इथेच.

दुसरा गैरसमज जास्त घातक: 'आता बरं वाटतंय, ऑपरेशन कशाला?' जबडा काढावा लागणार, चेहरा बदलणार, बोलणं बदलणार ही भीती खरी आहे आणि तिच्याविषयी बोलायलाच हवं. चेहरा पुन्हा कसा जोडणार, खाणं-बोलणं किती परत येईल, हे सर्जन आणि प्लास्टिक सर्जनला समोर बसवून विचारावं. पण गोळ्यांचा परिणाम टिकत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठ पुन्हा उचल खाते, आणि तेव्हा ती आधीच्या जागी थांबलेली नसते.

ऑपरेशन ठरलं की शेवटचा मेथोट्रेक्सेटचा डोस कोणत्या तारखेला घ्यायचा आणि सेलेकॉक्सिब कधी थांबवायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ सांगतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत हे पाहूनच टेबलवर घेतात. ऑपरेशननंतर शेक लागणार असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा आणि ऑपरेशनपासून शेकाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ 11 आठवड्यांत बसावा, असा प्रयत्न असतो. त्यासाठी खराब दात आधीच काढून घेतलेले बरे. गोळ्यांच्या या आठवड्यांत, रक्ताचे आकडे बघून, ते काम सहज उरकतं. वजन टिकवणंही याच आठवड्यांत जमतं. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर नळी टाकायला मागेपुढे पाहू नये.

भरती होताना मेथोट्रेक्सेटचा शेवटचा डोस कधी आणि किती घेतला हे कागदावर लिहून वॉर्डात द्या. उरलेल्या गोळ्या घरी ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या रुग्णाला देऊ नका. रुग्णालयाच्या औषध विभागात परत करा.